मुंगीच्या अंगावरचं मेण

गिरगावातल्या जुन्या वाडीत, जिन्याखालच्या पोपडे धरलेल्या भिंतीवर, दुपारच्या वेळी मुंग्यांची एक तरी ओळ चाललेली असते. ती जरा जवळून पाहिली की चालण्यापेक्षा थांबणंच जास्त डोळ्यांत भरतं. समोरून येणारी आणि इकडून जाणारी अशा दोघी तोंडासमोर तोंड आणतात, मिशा एकमेकींच्या डोक्यावरून फिरवतात आणि क्षणाच्या आत वेगळ्या होतात. पुढची भेटते, पुन्हा तेच. यात रस्ता विचारणं नाही. रस्ता भिंतीवरच आखलेला आहे. पोटाकडच्या ग्रंथीतून सोडलेल्या गंधाची ती रेघ असते, आणि ओल्या फडक्याने पुसली की ओळ काही वेळ भांबावते, हे प्रत्येक स्वयंपाकघराला ठाऊक आहे. मिशांनी चाचपलं जातं ते दुसरंच काही. समोरचीच्या कवचावर मेणाचा एक अतिशय पातळ थर असतो. त्या थराच्या रासायनिक घडणीवरून ती याच वारुळातली की दुसरीकडची, बाहेर हिंडून आलेली की आत अळ्या सांभाळणारी, याचा अंदाज मुंगीला येतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला आहे ‘आपले आणि परके’. मुंबईत या दोन शब्दांवरून निवडणुका लढवल्या जातात, म्हणून आधीच सांगितलेलं बरं की मुंग्यांना त्या वादात साक्षीला बोलावण्याचा इथे बेत नाही. ‘मुंगीकडून शिस्त शिका’ छापाचे शालेय निबंध आपण पुरेसे लिहिले आहेत. पण परका ओळखण्याची यंत्रणा कशी चालते हे समजून घ्यायचं तर तिचा सर्वांत उघडा, सर्वांत तपासलेला नमुना समाजशील कीटकांच्या अंगावर आहे. मुंग्या, गांधीलमाश्या, मधमाश्या आणि वाळवी या सगळ्यांच्या बाबतीत ‘हे जन्माने मिळालेलं ओळखपत्र असणार’ अशी आपली पहिली समजूत होते. शंभरेक वर्षांचा पुरावा एकत्र ठेवला तर ती टिकत नाही. या मेणात मुख्यतः नोंदलं जातं ते जगणं: कुठे राहिलात, कोणाच्या अंगाला अंग लावलंत, काय काम केलंत, अंडी घालता की नाही. त्यात रक्ताचा वाटा आहे, पण समजतो त्यापेक्षा बराच कमी.

मेण कशासाठी?

कीटकाचा जीव लहान, त्यामुळे अंगातल्या पाण्याच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग फार मोठा. उघड्या हवेत त्यातलं पाणी पाहता पाहता उडून जाईल आणि तो वाळून मरेल. म्हणून जवळजवळ सगळेच कीटक कवचावर मेणचट थर बाळगतात आणि त्याचा मोठा भाग हायड्रोकार्बनांचा असतो. कार्बनच्या वीसपासून चाळीसपर्यंतच्या साखळ्या आणि त्यांना चिकटलेला हायड्रोजन, एवढीच त्यांची रचना. मेणबत्तीतलं पॅराफिन याच कुळातलं. आपल्याकडे वालात किंवा इतर कडधान्यात राख कालवून ठेवण्याची जुनी रीत आहे. तिच्यामागचं एक कारण हेच. राखेचे बारीक, खरखरीत कण किड्याच्या अंगावरचं मेण खरवडतात, शोषून घेतात आणि किडा कोरडा पडून मरतो. साबणाच्या पाण्याने मुंग्या मरतात, तेव्हा साबण मेणाची पाणी झटकण्याची शक्ती काढून घेतो आणि पाणी श्वसनाच्या छिद्रांत शिरतं.

थोडक्यात, हे मेण बोलण्यासाठी आलेलंच नाही. ते जीव वाचवायला आलं आणि बोलणं त्यावर मागाहून बसलं. हा क्रम लक्षात ठेवला तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. सरळ साखळ्या एकमेकींना घट्ट चिकटून बसतात, उष्णतेतही लवकर वितळत नाहीत आणि पाणी उत्तम अडवतात. ज्या साखळ्यांना मध्येच मिथाइलची फांदी फुटलेली असते किंवा ज्यांच्यात दुहेरी बंध असतो, त्या नीट बसत नाहीत, थर सैल करतात. पाणी राखण्याच्या कामी त्या दुय्यम ठरतात, पण त्यांचे प्रकार पुष्कळ होतात आणि म्हणून ओळखीला त्याच उपयोगी पडतात. इटलीत फ्रान्चेस्का दानी आणि सहकाऱ्यांनी २००१ साली कागदी पोळं बांधणाऱ्या युरोपीय गांधीलमाश्यांवर हे तपासून पाहिलं. माशीच्या अंगाला फांदीच्या किंवा दुहेरी बंधाच्या साखळ्या जादा चोपडल्या तर घरच्याच तिच्यावर धावून जात. सरळ साखळ्या चोपडल्या तर कोणी फारसं मनावर घेत नसे.

हे वाचायचं कसं, तर प्रयोगशाळेतली रीत सोपी आहे. कीटकाला काही मिनिटं हेक्झेन या द्रावकात बुडवतात. मेण त्यात उतरतं. तो द्राव गॅस क्रोमॅटोग्राफमधून सोडला की एकेक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो आणि कागदावर लहानमोठी शिखरं उमटतात. एका जातीच्या सगळ्या कीटकांत शिखरं साधारण तीच असतात. वारुळावारुळात फरक पडतो तो त्यांच्या उंचीत, म्हणजे घटकांच्या प्रमाणात. मग तेच मेण काचेच्या बारीक मण्यावर चढवून मुंग्यांसमोर ठेवायचं. मणी हलत नाही, चावत नाही, त्यामुळे त्या कशाला प्रतिसाद देतात याबद्दल शंका उरत नाही. या रेणूंना दूरवर पसरणं जमत नाही. ते जड आहेत, म्हणून मुंगीला स्पर्श करावा लागतो किंवा निदान सेंटिमीटरभर अंतरावर तरी यावं लागतं. जिन्याखालच्या भिंतीवरचं ते थांबणं याचसाठी.

भायखळ्याचं म्युझियम, झुरिकचा डॉक्टर

या अभ्यासाचा एक जुना धागा मुंबईतून जातो आणि तो आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. आठांपैकी दोघे मराठी डॉक्टर होते: प्रार्थना समाजाचे संस्थापक आत्माराम पांडुरंग आणि रखमाबाईंचे सावत्र वडील सखाराम अर्जुन. संस्थेच्या नियतकालिकात १८९२ साली मुंबई इलाख्याच्या वन खात्यातल्या रॉबर्ट चार्ल्स राउटन यांनी आपल्याकडच्या मुंग्यांवर दीर्घ लेख लिहिला आणि त्याच वर्षापासून ऑग्युस्त फोरेल यांची हिंदुस्थान-सिलोनमधल्या मुंग्यांवरची फ्रेंच लेखमालाही तिथेच सुरू झाली. राउटन नमुने पाठवत, फोरेल नावं देत. पुण्यात सापडलेल्या एका चिमुकल्या मुंगीला फोरेल यांनी राउटन यांचंच नाव दिलं. आज ती ‘कार्डिओकॉन्डिला राउटनी’ म्हणून ओळखली जाते. तिच्या भावकीतली एक करामत पुढे येईल.

फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या बुर्गहोल्त्स्ली इस्पितळाचे संचालक. (स्वित्झर्लंडने पुढे हजार फ्रँकच्या नोटेवर त्यांचं चित्र छापलं. मुंग्यांच्या अभ्यासकाला असा मान क्वचितच मिळाला असेल.) त्यांचा एक प्रयोग निर्दयी असला तरी निर्णायक ठरला. एरवी एकमेकींना फाडून खाणाऱ्या वेगवेगळ्या जातींच्या मुंग्यांच्या मिशा त्यांनी कापल्या आणि त्या एकत्र ठेवल्या. भांडण झालं नाही. वैर नजरेत किंवा रक्तात नसून मिशांतून येणाऱ्या माहितीत आहे, हे त्यावरून दिसलं. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत अ‍ॅडेल फील्ड यांनी मिशा शाबूत ठेवून त्याहून पुढची गोष्ट दाखवली. नुकत्याच कोशातून निघालेल्या, वेगवेगळ्या जातींच्या मुंग्या पहिल्यापासून एकत्र वाढवल्या तर त्या एकाच घरात नांदतात. कोणत्या रसायनामुळे, हे कळायला गॅस क्रोमॅटोग्राफची वाट पाहावी लागली, पण प्रश्नाची दिशा तेव्हाच ठरली होती.

गांधीलमाशीचं कागदी घर

खिडकीच्या छज्ज्याखाली, गॅलरीच्या लाकडी कडीपाटाला, बंद पडलेल्या मीटरच्या पेटीत देठावर लोंबणारं करड्या कागदाचं उघडं पोळं मुंबईकराने पाहिलेलं असतं. बांधणारीला आपण सरसकट गांधीलमाशी म्हणतो. तिच्या अनेक जातींपैकी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ ही तांबूस, पिवळी पट्टी असलेली जात द्वीपकल्पात सर्वत्र आढळते, आणि कीटकसमाजाच्या जागतिक अभ्यासात भारताचं नाव नेणारा प्राणी निवडायचा झाला तर तो हाच. तिच्यावरचं एक आरंभीचं टिपण माधव गाडगीळ आणि अनिल महाबळ यांनी १९७४ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. पुढे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या एका माशीवर काही दशकं काम केलं. २००१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेलं गदगकरांचं पुस्तक सगळंच्या सगळं तिच्यावर आहे.

आपल्या प्रश्नासाठी त्यातला १९८८चा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा. वेंकटरामन, गदगकर आणि सहकाऱ्यांनी आधी दाखवलं की पोळ्यापासून दूर, तिऱ्हाईत जागी सोडल्या तरी या माश्या घरची आणि बाहेरची यांत फरक करतात. मग त्यांनी काही माश्यांना कोशातून निघताक्षणी पोळं आणि घरच्या माश्या या दोन्हींपासून वेगळं काढलं. त्यांना हा फरक करता आला नाही. यापुढचा निष्कर्ष अधिक खोल आहे. ओळखणारी घरात वाढलेली असली, पण जिला ओळखायचं ती घरात राहिलेली नसली, तरीही ओळख पटत नाही. म्हणजे अंगावरची खूण आणि ती ताडून पाहण्याचा मनातला नमुना या दोन्ही गोष्टी जन्मानंतर, पोळ्यातून आणि सहवासातून लागतात. पोळ्याला अंग न लागलेली सख्खी बहीण तिच्या लेखी घरची नाही.

आता याचा उलटा परिणाम पाहा. खूण जर लागायची असेल, तर जिला ती अजून लागलेलीच नाही अशा कोवळ्या परक्या माशीचं काय? वेंकटरामन आणि गदगकर यांनी १९९५ साली तेही दाखवलं: जन्मून थोडेच दिवस झालेल्या परक्या माश्यांना पोळं आत घेतं, वयस्क परकींना हाकलतं. एच. एस. आरती आणि इतरांच्या पुढच्या कामात अशा दत्तक माश्यांच्या मागे राहून पाहिलं गेलं. त्या अन्न आणायला लागल्या, घर बांधायला लागल्या, राणीपदापर्यंतही त्यांची मजल गेली. रक्ताने परक्या, पण पोळ्याला त्याची दखलच नाही.

राणीची गोष्टही याच वळणाची आहे. या जातीची राणी मवाळ असते. ती कोणाला चावत नाही, दरडावत नाही, बराच वेळ नुसती बसलेली असते, तरी अंडी तीच घालते. राणीला काढून घेतलं की थोड्याच वेळात एखादी कामकरी एकाएकी आक्रमक होते आणि राणी परतली नाही तर आठवड्याभरात अंडी घालू लागते. मग इतर वेळी तिला रोखतं कोण? राणी पोटाचा शेवट पोळ्यावर घासत फिरते, हे निरीक्षणात आलं. नांगीजवळच्या द्यूफूर ग्रंथीत लांब साखळ्यांचे हायड्रोकार्बन मिळाले, आणि त्या ग्रंथीचा अर्क राणी नसलेल्या पोळ्याला लावल्यावर होऊ घातलेल्या राणीचा आवेश ओसरला. २०१०च्या या शोधनिबंधात पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतले रसायनज्ञ डी. जी. नाईक यांचंही नाव आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गाडगीळ होते ती संस्था हीच. या मिश्रणाचं प्रमाण अंडाशयाच्या अवस्थेप्रमाणे बदलतं. राणीचा गंध म्हणजे कोणी बहाल केलेला हुद्दा नव्हे, अंडी घालणाऱ्या देहाची ती स्थिती आहे. ती स्थिती गेली की गंध जातो आणि राज्यही जातं.

कामाचा वास

घराचा वास लागतो, देहाच्या अवस्थेचा लागतो, तसा कामाचाही लागतो. अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटातल्या दाणे वेचणाऱ्या मुंग्यांवर डेबोरा गॉर्डन यांचं काम आहे. सकाळी आधी काही मुंग्या गस्तीला जातात. त्या सुखरूप परत आल्या की मगच वेचणाऱ्या बाहेर पडतात. २००३ साली मायकेल ग्रीन आणि गॉर्डन यांनी गस्तवाल्यांना अडवलं आणि त्यांच्या मेणात घोळलेले काचेचे मणी वारुळाच्या तोंडात टाकले. वेचणाऱ्या निघाल्या. आत राबणाऱ्या मुंग्यांच्या मेणाचे मणी टाकले तर तसं झालं नाही. गस्तीच्या मुंगीचा वास वेगळा कसा, याचं उत्तर त्याआधीच मिळालं होतं: कोरड्या, गरम हवेत वावरल्याने अंगावरच्या सरळ साखळ्यांचं प्रमाण वाढतं. उन्हात हिंडलीस, हे ऊनच तिच्या अंगावर लिहितं आणि इतर जणी ते वाचतात. कोणी सांगायला नको, कोणी नेमायला नको. मेण पाण्यासाठी होतं हे आधी म्हटलं, त्याचा हा पुरावा. वाळण्यापासून वाचण्याची देहाची धडपडच इथे निरोप होऊन बसली आहे.

रक्ताचं काय?

यावर पहिला आक्षेप जीवशास्त्राच्या जाणकाराकडून येईल आणि तो वजनदार आहे. विल्यम हॅमिल्टन यांनी १९६४ साली मांडलं की कामकरी स्वतः पिल्लं न घालता आईची पिल्लं वाढवतात, कारण त्यात त्यांचीच जनुकं पुढे जातात. मग नातं ओळखता येत नसेल तर हा सगळा डोलारा उभा कशावर? उत्तर असं की नातं ओळखावंच लागत नाही. स्वाभाविक परिस्थितीत एका वारुळात जन्मलेल्या बहुतेक जणी नात्यातल्याच असतात. वारुळाची वेस राखली की नातं आपोआप राखलं जातं. प्रयोगकर्ता चिमट्याने परकी माशी आणून सोडत नाही तोवर हा आडाखा चुकत नाही. घराच्या आत, सख्खी कोण आणि सावत्र कोण असा भेद करून पक्षपात होतो का, हे पुष्कळ जातींत शोधलं गेलं आणि ठोस पुरावे हाती फारच थोडे आले.

दुसरा आक्षेप: प्रत्येक मुंगी आपलं मेण स्वतःच्या पेशींत बनवते, तेव्हा कृतीत जनुकं असणारच. खरं आहे. पण बनवलेलं मेण तिच्यापुरतं राहत नाही. मुंग्यांच्या घशामागे एक ग्रंथी असते. एकमेकींना चाटताना आणि तोंडातून तोंडात घास देताना सगळ्यांचं मेण तिथे मिसळतं आणि पुन्हा सगळ्यांच्या अंगावर फासलं जातं. एकत्र कुटुंबात सगळ्यांच्या कपड्यांना एकाच फोडणीचा वास लागावा, तसा वारुळाचा एक सरासरी गंध तयार होतो. मधमाश्यांत पोळ्याचं मेणही या वासात भर घालतं, आणि २०२०च्या एका अमेरिकी अभ्यासाने आतड्यातल्या जिवाणूंचाही त्यात हात असल्याचं दाखवलं. ते जिवाणूही सोबत राहिल्यानेच मिळतात. आपले मधपाळ हे ज्ञान रसायनशास्त्राशिवाय वापरतात. दोन अशक्त वसाहती एक करायच्या तर एकीची राणी काढतात आणि दोन पेट्यांच्या मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालतात. थेट मिसळल्या असत्या तर कत्तल झाली असती. कागद कुरतडून पलीकडे पोचायला माश्यांना दिवस-दोन दिवस लागतात आणि तेवढ्यात दोन्हींचा वास एक झालेला असतो.

तरी जनुकांना पूर्ण बाहेर काढता येत नाही. अमेरिकेत पसरलेल्या तांबड्या अग्निमुंगीत लॉरेंट केलर आणि केनेथ रॉस यांनी १९९८ साली एक विलक्षण प्रकार नोंदवला. अनेक राण्यांच्या वारुळात, एका विशिष्ट जनुकाची प्रत अंगी असलेल्या कामकरी ती प्रत नसलेल्या राण्यांना वेचून ठार करतात, आणि हे वासावरून करतात. ज्या कामकरींच्या अंगाला त्या मरणाऱ्या राणीचा वास लागतो त्यांच्यावरही हल्ला होतो. जनुकाने लिहिलेली खूण ती हीच. पण ही एकाच गटातली अपवादाची कथा आहे, आणि तिच्यातही वास दुसरीला लागतो तो लागतोच.

तिसरा आक्षेप सर्वांत अडचणीचा आहे. सहवासाने आपलं-परकं ठरत असेल, तर जितकं अनोळखी तितकं वैर जास्त असायला हवं. आंब्याच्या पानांची घरटी शिवणाऱ्या तांबड्या विणकर मुंग्या हे सूत्र मोडतात. दादरच्या हिंदू कॉलनीत किंवा राणीच्या बागेत झाडाखाली उभं राहिलेल्याला त्यांचा चावा वेगळा सांगायला नको. ऑस्ट्रेलियात याच जातीवर फिलिप न्यूई यांनी केलेल्या अभ्यासात, शेजारच्या वसाहतीतल्या मुंगीला दूरच्या वसाहतीतल्या मुंगीपेक्षा जास्त कडवा विरोध झाला. कारण उघड आहे: दूरचीशी तंटा नाही, शेजारणीशी झाडाच्या फांद्यांवरून रोजचा आहे. म्हणजे मुंगी नुसता वेगळेपणा मोजत नाही, त्या वेगळ्या वासाशी आधी काय घडलं हेही तिच्या जमेस असतं. या पुराव्याने माझ्या मांडणीला मुरड घालावी लागते, मोडावी लागत नाही. कारण वैरसुद्धा इथे जन्माने आलेलं नाही, तेही शेजाराने शिकवलं आहे.

हा हिशेब मुंगीच्या देहात नेमका कुठे होतो, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. २००५ साली जपानी संशोधकांनी म्हटलं की मिशांवरची एक विशिष्ट संवेदक रचना फक्त परक्या मेणाला प्रतिसाद देते, घरच्याला नाही. सवयीच्या वासाला ती बधिर झालेली असते. पुढे दुसऱ्या जातीच्या मुंगळ्यांत घरच्या वासालाही मिशा आणि मेंदू प्रतिसाद देतात असं दिसलं. मला दुसरी बाजू अधिक पटते. मुंग्यांकडे गंध टिपणारी साडेतीनशे ते चारशे जनुकं असतात, फळमाशीकडे साठेक. एवढा सरंजाम नुसतं ‘परकं आहे’ एवढंच कळण्यासाठी नसणार. २०१७ साली दक्षिण भारतातल्या उडी मारणाऱ्या ‘हार्पेग्नाथोस’ मुंगीत या सगळ्या यंत्रणेला लागणारं एक जनुक बंद केलं गेलं, तेव्हा मुंग्या वारूळ सोडून भरकटू लागल्या आणि समाजात त्यांचं काही जमेना.

सोंगाडे

खूण लागणारी असेल तर ती चोरताही येणार. उत्तर ऑस्ट्रेलियात एक उडी मारणारा कोळी विणकर मुंग्यांच्या घरट्यात शिरून त्यांच्या अळ्या खातो. खाल्लेल्या अळ्यांमुळेच त्याच्या अंगाला त्या वसाहतीचं मेण येतं आणि पहारेकरी त्याला हटकत नाहीत. आपल्याकडे दिसणारा मुंगीसारखा कोळी हा निराळा सोंगाडा. तो रूपाची नक्कल करतो आणि ती मुख्यतः पक्ष्यांसारख्या डोळस शत्रूंसाठी असते, मुंग्यांसाठी नव्हे.

राउटन यांच्या मुंगीची भावकी म्हणाले होते ती इथे येते. तिची जवळची बहीण ‘कार्डिओकॉन्डिला ऑब्स्क्युरिओर’. या दोघी बराच काळ एकच समजल्या जात. हिच्यात नरांचे दोन प्रकार असतात. बिनपंखी नर विळ्यासारख्या जबड्यांनी नुकत्याच जन्मलेल्या प्रतिस्पर्ध्यांना मारतात. पंखवाले नर लढाऊ नाहीत, पण वारुळातच सुरक्षित राहतात. सिल्व्हिया क्रेमर आणि सहकाऱ्यांनी २००२ साली कारण शोधलं: त्यांच्या अंगावरचं मेण कुमारी राण्यांच्या मेणासारखं असतं. लढाऊ नर त्यांना मारायचं सोडून त्यांच्याशी प्रियाराधन करू पाहतात. आता हे सोंग जनुकांत लिहिलेलं आहे, म्हणून आक्षेपकाला इथे पुन्हा हात वर करता येईल. पण ते चालतं कशामुळे? मुंगी समोरच्याचा जन्म तपासत नाही, मेण तपासते, म्हणूनच.

फराळाच्या डब्याखाली

लालबागच्या चिवडा गल्लीतून आणलेल्या चिवड्यावर किंवा घरच्या शंकरपाळ्यांवर दिवाळीत ज्या पिवळसर, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या मुंग्या येतात, त्यांच्यात आपलं-परकं जवळजवळ उरलेलंच नाही. जहाजं आणि माणसांच्या सामानासोबत जगभर पसरलेल्या या ‘फेरो’ मुंग्यांच्या एका वसाहतीत राण्या अनेक असतात आणि शेजारच्या वसाहतीशी त्या भांडत नाहीत. घरटं हलवणंही सोपं. दोन-चार राण्या, काही कामकरी आणि थोड्या अळ्या निघाल्या की नवं बिऱ्हाड. इमारतीच्या पायपांतून आणि विजेच्या नळ्यांतून त्या मजल्यामजल्यांवर पसरतात. इस्पितळांना त्यांचा जास्त धाक, कारण त्या जखमेच्या पट्ट्यांपर्यंत पोचतात आणि रोगजंतू वाहून नेतात. आपसांत वैर नाही म्हणजे त्यांना रोखायला दुसऱ्या मुंग्यांचा पहारा नाही, आणि शहरात त्यांचं फावतं ते यामुळे.

म्हणून वाचकाला एक विनंती. अशा मुंग्या झाल्या की फवारा मारू नका. फवाऱ्याने समोर दिसणाऱ्या मरतात, उरलेल्या बिथरून तीन ठिकाणी नवी घरटी करतात आणि महिन्याभराने शेजारच्या बिऱ्हाडातून तक्रार येते. ज्या चाटण्या-भरवण्यातून त्यांचा वास एक होतो, त्याच वाटेने विषही सगळ्यांपर्यंत आणि राण्यांपर्यंत पोचू शकतं, फक्त ते संथ हवं. साखरेच्या पाण्यात साधारण एक टक्का बोरिक पावडर विरघळवून कापसाचे बोळे ओळीच्या कडेला, मुलांचा आणि मांजरांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवा. पहिल्या काही दिवसांत मुंग्या वाढल्यासारख्या दिसतील. त्या पुसू नका, आमिष घरी पोचतं आहे. फराळाचा डबा तेवढे दिवस पाण्याच्या परातीत ठेवा. आणि गॅलरीच्या कडीपाटाला उंचावर गांधीलमाशीचं करडं पोळं असेल, कोणाला त्रास नसेल, तर ते जाळू नका. सुरवंट आणि बारीक अळ्या धरून नेऊन ती आपली पिल्लं वाढवते, आणि खाली कुंड्यांतल्या तुळशी-गुलाबावर त्याच अळ्या असतात.